पारख्याचे मौन

मनुष्याजवळ एखादे ज्ञान थोडेसे जरी असले, तरी त्याची वार्ता शेजारीपाजारी पसरावयास वेळ लागत नाही. आम्ही नाणकशास्त्राचे पंडित नव्हे. जुनी नाणी पाहण्याचा, त्यांवरील अक्षरे लावण्याचा आणि लहान कागदी पाकिटांत ती नीट ठेवण्याचा छंद आम्हांस पुष्कळ वर्षांपासून आहे, इतकेच. तथापि राजारामपुरीत आम्ही राहतो त्या गल्लीत, आणि तिच्या मागच्या-पुढच्या दोन गल्ल्यांत, 'नाणी ओळखणारे मास्तर' म्हणून आमची ख्याती झाली आहे. आणि दसऱ्याच्या सुमारास घरोघर साफसफाई निघाली, म्हणजे कोणी ना कोणी मुठीत काही तरी घेऊन आमच्या दाराशी उभे राहते. प्रश्न बहुधा एकच असतो : "याचे किती येतील?"

हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ माहितीचा वाटतो. ज्यास माहीत आहे त्याने सांगावे, ज्यास नाही त्याने ऐकावे, म्हणजे झाले! परंतु या साध्या प्रश्नाच्या पोटात नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे, आणि तो आम्हांस ग्रंथांतून नव्हे, तर एका वृद्ध बाईच्या डबीतून सापडला. ज्यास वस्तूची पारख आहे, त्याचे, ज्यास ती नाही त्याच्याविषयी कर्तव्य काय? त्याने आपण होऊन बोलावे काय? बोलण्याने समोरच्याचे मन मोडणार असेल तर गप्प बसावे काय? आणि गप्प बसण्यात स्वतःचा लाभ असेल तर?

ज्या प्रसंगाने हे विचार सुचले तो असा. मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक आजी आपल्या नातवाला घेऊन संध्याकाळी आल्या. नातवास अभियांत्रिकीच्या शाखेत प्रवेश मिळाला होता, आणि शुल्काची रक्कम ऐकून घरातील मंडळी चिंतेत पडली होती. आजींनी पदराआडून पितळेची एक लहान डबी काढली. आत हळदकुंकवाने माखलेल्या फडक्यात दोन नाणी होती : एक पिवळेधमक, एक तांबडे. "ह्यो शिवाजी महाराजांचा होन हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या सासूपासनं देव्हाऱ्यात हाय. इकायची इच्छा न्हाई. पर पोराचं शिक्षण हुतंय म्हटल्यावर महाराज काय रागवायचे न्हाईत." तांबड्या नाण्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. ते होनाच्या जोडीला असते, म्हणून आले होते.

अशा वेळी पारखी काय करतो, हे वाचकांस थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नाण्याची किंमत ठरविताना तो मनाशी पाच प्रश्न विचारतो. ही वस्तू काय आहे? ती खरी आहे काय? अशा किती उरल्या आहेत? ही कोणत्या स्थितीत आहे? आणि हिला मागणारे कोणी आहे काय? लोकांस जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे 'किती जुने?', या यादीत नाही. याचे कारण असे की केवळ वयाने नाण्यास किंमत येत नाही. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. तेथे १९४५-४६ साली सांकळिया आणि दीक्षित या विद्वानांनी उत्खनन करून सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. याच परिसरात धनुष्यबाणाचे चिन्ह असलेली कुर राजांची शिशाची नाणी सापडतात. त्यांचे वय अठराशे वर्षांच्या आसपास. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया पाहा. तो कालपरवाचा, परंतु त्याच राजाचे पुढील वर्षांचे रुपये ढिगांनी मिळत असता त्या एका सालचा इतका विरळा, की संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. काळ सर्वांनाच जुने करतो. दुर्मिळ मात्र थोड्यांनाच करतो.

स्थितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. दलालांच्या याद्यांत इंग्रजी शब्दांची एक उतरंड असते, आणि तीत मौज अशी की 'फाइन' म्हणजे उत्तम नव्हे. 'फाइन' म्हणजे बरेच झिजलेले. त्याच्या वर 'व्हेरी फाइन', त्याच्या वर 'एक्स्ट्रिमली फाइन', आणि जे कोणाच्या हाती खेळलेच नाही ते सर्वांत वर. ज्या नाण्याने आपले काम कधीच केले नाही, त्यास सर्वांत मोठा मान! राजारामपुरीतील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. क्रमांकाने घर सापडते, परंतु घरात कोण कसे राहते हे समजत नाही. नाण्याच्या प्रतीचेही तसेच आहे. ती उपयोगी आहे, पण तेवढ्याने नाणे कळले असे होत नाही.

याचा याहून मोठा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे मिळतो. तेथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा त्या घावाखाली विद्रूप झाला. सौंदर्याच्या दृष्टीने नाणे बिघडले. परंतु गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला ही गोष्ट इतिहासास इतक्या ठामपणे सांगता येते, ती त्या बिघाडामुळेच. म्हणजे एकाच्या दृष्टीने जो डाग, तोच दुसऱ्याच्या दृष्टीने दस्तऐवज.

आता आजींच्या डबीकडे वळू. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला, आणि त्यांच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली गेली. दोहोंवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असतात. खऱ्या होनाचे वजन सुमारे २.७ ग्रॅम, आणि आज अवशिष्ट असलेले असे होन फारच थोडे. आजींचे पिवळे नाणे तराजूत घातले तेव्हा ते सहा ग्रॅमांहून अधिक भरले. दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून पुन्हा तोलले. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, पितळ साडेआठपटीच्या आसपास. बुडविल्यावर वजनात जी घट येते तीवरून धातूची जात ओळखता येते. ती पितळेची होती. भिंगातून पाहता कडेस साच्याचा सांधा दिसला, अक्षरांच्या पोटात ओतकामाचे बारीक फुगे दिसले. ठशाखाली हातोड्याने पाडलेल्या नाण्यावर यांतले काही असत नाही. कोणी तरी, केव्हा तरी, स्मरणार्थ म्हणून ओतविलेले आणि वरून सोनेरी मुलामा दिलेले ते एक पदक होते.

तांबडे नाणे मात्र खरे होते. ती शिवराई होती. महाराजांच्या हयातीतील नव्हे, पुढच्या काळातील. अशा शिवरायांचा ठसा पुष्कळदा धातूच्या चकतीहून मोठा असे, म्हणून अक्षरे अर्धीमुर्धी उमटत. येथेही 'राजा' आणि 'शिव' यांचे तुकडे तेवढे उरले होते. १८१८ साली पेशवाई गेली, तरी शिवराई त्यानंतरही कित्येक वर्षे खेड्यापाड्यांच्या बाजारांत चालत होती, इतका लोकांचा तिच्यावर विश्वास. परंतु जुन्या तांब्यावर काळाने जो काळसर, गुळगुळीत राप चढतो, त्याचा येथे मागमूस नव्हता. दर दसऱ्यास चिंच आणि राख लावून चार पिढ्यांतील सुनांनी ते लखलखीत घासले होते. संग्राहक ज्याला पहिला गुण मानतो, तोच भक्तीने धुऊन काढला होता. बाजारात त्याचे मोल एखाद्या पुस्तकाच्या किमतीहून फारसे अधिक नव्हते.

येथे आमचा हात थांबला. नातू आमच्या तोंडाकडे पाहत होता. आजी डबीकडे पाहत होत्या. आणि आम्हांस खरे सांगावयाचे तर, त्या क्षणी आम्हांस आठवण झाली ती सत्याची नव्हे, आमच्या स्वतःच्या कपाटातील एका पाकिटाची.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका आठवड्याच्या बाजारात एक मोडवाला गोणपाटावर जुनी भांडी, कड्या, कुलपे मांडून बसला होता. त्याच्या तांब्याच्या मोडीत आम्हांस एक शिवराई दिसली : रेखीव अक्षरे, कडेने बिंदूंचे वर्तुळ जवळजवळ पूर्ण, अंगावर गर्द तपकिरी राप. जाणते लोक ज्या नाण्यांस महाराजांच्या काळाजवळची मानतात, त्यांपैकी ती होती. आम्ही चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. तीबरोबर दोन निरुपयोगी तांब्याचे तुकडे उचलले, संशय येऊ नये म्हणून एका कुलपाची किंमत विचारली, आणि शेवटी ती तांब्याच्या भावाने वजनावर घेतली. घरी येऊन आम्हांस झालेला आनंद अजून आठवतो. आम्ही एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. याच गोष्टीने आम्ही स्वतःची समजूत कित्येक वर्षे घातली.

ही समजूत घालण्यास आधार नाही असे नव्हे. १८७२ च्या कराराच्या कायद्यातील सतरावे कलम असे सांगते, की व्यवहारात परिणाम करणाऱ्या गोष्टीविषयी केवळ मौन बाळगणे हे कपट होत नाही. मात्र परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे कर्तव्य ठरावे, किंवा मौन हेच बोलण्यासारखे व्हावे, तर गोष्ट निराळी. जमिनीत पुरलेले धन दहा रुपयांहून अधिक मोलाचे सापडल्यास सरकारास कळविले पाहिजे, असे १८७८ चा निधीविषयक कायदा म्हणतो. परंतु मोडवाल्याच्या गोणपाटावरील नाण्याविषयी पारख्याने तोंड उघडावे असे कोणताही कायदा म्हणत नाही. आणि हा वाद आजकालचा नाही. रोमन पंडित सिसेरो याने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याची चर्चा केली आहे. ऱ्होड्स बेटात दुष्काळ पडला असता एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत हे त्यास ठाऊक आहे, गावास नाही. त्याने सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. विकणाऱ्याने खोटे बोलू नये, इतकेच पुरे. अँटिपेटर म्हणतो, मनुष्ये परस्परांच्या हितासाठी बांधलेली आहेत. जे समोरच्यास कळणे त्याच्या हिताचे, ते त्यापासून झाकणे अन्याय्य आहे. सिसेरोने अँटिपेटरच्या बाजूने कौल दिला.

डायोजिनीसच्या पक्षाने कोणी असे म्हणेल, की ज्ञान मिळविण्यास श्रम पडतात, पैसा लागतो, डोळे जातात. त्या ज्ञानाचा लाभ ज्ञात्याने घेऊ नये, तर कोणी घ्यावा? मोडवाल्यानेही शिकावयाचे होते! हा आक्षेप पोकळ नाही. वैद्याने शुल्क घ्यावे, वकिलाने घ्यावे, तसे पारख्यानेही आपल्या श्रमाचे मोल घ्यावे, यात काही गैर नाही. परंतु वैद्य शुल्क घेतो ते रोग्यास रोग सांगण्याबद्दल, रोग झाकून ठेवण्याबद्दल नव्हे. आम्ही त्या मोडवाल्यास म्हणालो असतो, "बाबा, ही वेगळी आहे, एवढे देतो, चालेल का?" आणि त्यातून आपला वाजवी नफा ठेवला असता, तर तो ज्ञानाचा मोबदला झाला असता. आम्ही घेतला तो त्याच्या अज्ञानाचा मोबदला. या दोहोंतील अंतर बाहेरून केसाएवढे दिसते. आतून ते फार मोठे आहे.

आपल्या देशात ही जाणीव नवीन नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीचा अधिकारी वेगळा आणि नाणी पारखणारा 'रूपदर्शक' वेगळा सांगितला आहे. आणि आपल्याकडे पोतदार हे आडनाव ज्या हुद्द्यावरून आले, तो नाण्यांचा खरेखोटेपणा पाहणाऱ्याचाच. पारखणे हा हुद्दा का झाला असावा? आम्हांस वाटते, कारण सर्व समाजास नाणे पारखता येत नाही, आणि म्हणून जो पारखतो त्याच्या डोळ्यांवर बाकीच्यांनी आपले डोळे ठेवलेले असतात. हे ज्ञान त्याच्याजवळ ठेव म्हणून असते. ठेवीचा अपहार करण्यास कुलूप फोडावे लागत नाही. ठेवणारा विचारीत असता गप्प बसले की पुरते.

आणि केवळ विद्वत्ता मनुष्यास या मोहापासून वाचवीत नाही. नाण्यांची स्थिती १ ते ७० या अंकांनी मोजण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिचे मूळ विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी बसविलेल्या मोजमापात आहे. नाणे उत्तम कोणते, मध्यम कोणते, हे त्याच्याइतके बारकाईने कोणी सांगितले नव्हते. पुढे असे उघडकीस आले, की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगली नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी त्याने हलक्या प्रतीची ठेवून दिली होती. नाण्याची प्रत ठरविण्याची कसोटी ज्याने घडविली, तो स्वतः त्या कसोटीचा असा उपयोग करून गेला! त्याला हसण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या कपाटात ते पाकीट आहे.

आजी वाट पाहत होत्या. दोन मार्ग मोकळे होते, आणि दोन्ही मौनाचे होते. "आजी, हे अमोल आहे, विकू नका," असे म्हणून सुटता आले असते. ते ऐकावयास गोड, आणि त्यात आमचा एक पैचाही लाभ नाही. मग त्यात दोष कोणता? दोष हा, की खोटे नाणे प्रेमाने पुढे सरकविले म्हणून ते खरे होत नाही. आज नाही तर उद्या त्यांचा नातू ते गुजरीत घेऊन गेला असता, आणि तेथे चारचौघांत त्यास जे ऐकावे लागले असते, ते आमच्या ओसरीवर ऐकण्याहून पुष्कळ कठोर झाले असते. किंवा याहून वाईट, त्यावर विश्वासून कोणी ते विकत घेतले असते, आणि आमची दया तिसऱ्याच्या खिशातून वसूल झाली असती. दुसरा मार्ग तांबड्या नाण्याविषयी काही न बोलण्याचा. ते क्षुल्लक होते. बोललो नसतो तर कोणास कळलेही नसते. परंतु जे खोटे तेवढे सांगून जे खरे ते वगळणे, हीसुद्धा चुकीची पावतीच होय.

म्हणून आम्ही सर्व सांगितले. पिवळे काय, तांबडे काय, वजन कसे केले, सांधा कोठे आहे. भिंग नातवाच्या हाती देऊन त्यास ते दाखविले. तांबड्याचे बाजारात किती येतील तेही सांगितले, आणि ते घासले नसते तर किती आले असते, हेही. हे शेवटचे सांगताना जीभ अडखळली. पण विचारणाऱ्याने सर्व हिशेब मागितला असता पारख्याने बेरजेतील एक रकम दयेपोटी गाळणे बरे नव्हे.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग आता देव्हाऱ्यात ठेवायचा का न्हाई?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते आम्ही तसेच सांगितले. नाणे खरे की खोटे, हे पारख्याने सांगावे. नमस्कार खरा की खोटा, हे ठरविण्याचा तराजू त्याच्याजवळ नाही. चार पिढ्यांनी त्या पितळेपुढे जो दिवा लावला, तो पितळेस लावला नव्हता एवढे आम्हांस निश्चित वाटते. परंतु म्हणून पितळेस सोने म्हणावयाचे नाही. मोल आणि मूल्य यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. व्यापारी म्हणतो, ज्यास मोल नाही त्यास मूल्य नाही. भाविक म्हणतो, ज्यास मूल्य आहे त्यास मोलही असलेच पाहिजे. पारख्याने या दोघांच्या मध्ये उभे राहून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात, आणि एकीच्या आड दुसरीस लपू देऊ नये.

त्यांनी दोन्ही नाणी पुन्हा फडक्यात गुंडाळली. निघताना तांबडे नाणे नातवाच्या तळहातावर ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "ह्याला आता चिंच लावायची न्हाई." मुलाच्या शुल्काचा प्रश्न आमच्या सत्याने सुटला नाही. त्याच्या वडिलांनी बँकेचे कर्ज काढले, आणि ते फेडावयास वर्षे लागतील. सत्य सांगितल्याने सर्व काही गोड झाले, असे लिहिण्याची सोय नाही.

त्या रात्री आम्ही कपाट उघडले. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर वजन, धातू, कोठून मिळाले आणि काय दिले, हे लिहून ठेवण्याची संग्राहकांची रीत आहे. त्या शिवराईच्या पाकिटावर वजन होते, बाजाराचे नाव होते, तारीख होती. किमतीची जागा कोरी होती. त्या बाजारात आम्ही पुढे दोनदा जाऊन आलो होतो, परंतु तो मोडवाला पुन्हा दिसला नाही. त्याचे देणे आता देता येण्यासारखे नाही. नाणे एखाद्या संग्रहालयास दिले, तरी त्याने त्या मनुष्याची फेड होणार नाही.

आम्ही लेखणी घेऊन कोऱ्या जागी लिहिले : "तांब्याच्या भावाने घेतली. विकणाऱ्यास सांगितले नाही." यापुढे ती ज्याच्या हाती जाईल, त्यास तिची स्थिती ठरविताना हेही वाचावे लागेल.